पतसंस्थेच्या अहवालांचे एसक्यूएल: एडिटर आणि फॉरमॅटिंगच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५

मार्चअखेर उरकली. वर्षभर पुढे ढकललेले काम आजपासून हाती घेतले: पतसंस्थेच्या अहवालांच्या एसक्यूएल फाइली. एसक्यूएल म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागण्याची भाषा, आणि अशी एक मागणी म्हणजे क्वेरी. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीवर आहे. थकबाकी, ठेवींच्या मुदती, व्याजाची तरतूद, सोनेतारण, शाखावार शिल्लक असे अहवाल गेल्या अनेक वर्षांत वेगवेगळ्या हातांनी लिहिले गेले आहेत. काही क्वेरी अख्ख्या एकाच ओळीत आहेत, कारण त्या कधीतरी प्रोग्रॅममधल्या स्ट्रिंगमधून उचलून फाइलमध्ये ठेवल्या गेल्या. काहींत टॅब आणि स्पेस मिसळले आहेत. काहींत टेबलांना ए, बी, सी अशी टोपणनावे दिली आहेत, आणि सी म्हणजे काय हे शोधायला दर वेळी वर जावे लागते.

बहुतेक जण डीबीव्हर हा डेटाबेससाठीचा एडिटर वापरतात, दोघांचे काम व्हीएस कोड या सर्वसाधारण एडिटरमध्ये चालते, आणि सर्व्हरवर थेट बसायचे झाले की पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला टाइप करून आदेश देण्याचे साधन. सगळ्यांनी एकच एडिटर घ्यावा असा आग्रह धरायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवले. कोणत्याही एडिटरमधून निघाली तरी क्वेरी सारखी दिसली पाहिजे, आणि फॉरमॅटिंग (ओळी आणि मोकळ्या जागा यांची मांडणी) करताना तिचा अर्थ तसूभरही हलता कामा नये. हे सभासदांच्या ठेवींचे आकडे आहेत.

९ एप्रिल

नव्याने रुजू झालेल्या सहकारी मुलीने विचारले, "सर, सिलेक्ट लिहून कंट्रोल-स्पेस दाबलं की हा कॉलम का दाखवत नाही? डेटाबेसमधले वाटेल ते दाखवतो."

प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. एडिटर डावीकडून उजवीकडे वाचतो. सिलेक्टपाशी (कोणते कॉलम हवे) कर्सर असताना फ्रॉम (कोणत्या टेबलातून) अजून लिहिलेलाच नसतो, मग कुठल्या टेबलाचे कॉलम दाखवायचे हे त्याला कळणार कसे? हा क्रम एसक्यूएलच्या जन्मापासूनचा. १९७४ साली आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी ही भाषा मांडली ती माणसाला वाक्यासारखी वाचता यावी म्हणून: काय हवे ते आधी, कुठून हवे ते नंतर. लिहिताना सुचवणारा एडिटर तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नव्हते. पुढे मायक्रोसॉफ्टने सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिंक ही क्वेरी लिहिण्याची सोय आणली तेव्हा फ्रॉम आधी ठेवला, आणि आता डकडीबी या डेटाबेसमध्येही क्वेरी फ्रॉमपासून सुरू करता येते. पोस्टग्रेसमध्ये ती मुभा नाही.

म्हणून टीमसाठी एक सवय ठरवली. आधी सिलेक्ट, स्टार (म्हणजे सगळे कॉलम) आणि फ्रॉम लिहायचे, जॉइन (टेबलांची जोडणी) पूर्ण करायचे, मग वर जाऊन कॉलम निवडायचे. स्टारच्या जागी एडिटरकडून सगळे कॉलम उघडून घ्यायचे आणि नको ते काढायचे. कॉलमची नावे हाताने टाइप केली नाहीत की नावातल्या चुका होतच नाहीत. तयार अहवालात मात्र स्टार ठेवायचा नाही. उद्या टेबलात एखादा कॉलम वाढला तर अहवालातली रचना आपोआप बदलते आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

१५ एप्रिल

आजचा दिवस महत्त्वाचा ठरला.

फ्रॉम आधी लिहूनही एडिटर जॉइनची अट सुचवत नव्हता. कर्जखात्याचे टेबल लिहिले, जॉइन म्हटले, हप्त्यांचे टेबल निवडले, ऑन लिहून थांबले, तरी काही नाही. डीबीव्हर असो की डेटाग्रिप हा दुसरा एडिटर, जॉइनची अट सुचवण्यासाठी ते मुख्यतः डेटाबेसमधल्या फॉरेन कीचा, म्हणजे एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या कोणत्या ओळीशी जोडलेली हे सांगणाऱ्या नियमाचा, आधार घेतात. आमच्या डेटाबेसमध्ये ज्या टेबलांवर सगळे अहवाल उभे आहेत, नेमक्या त्यांच्यातच फॉरेन की नाहीत. जुन्या प्रणालीतून डेटा आणताना त्या टाकल्या नव्हत्या आणि पुढे कुणी टाकल्याही नाहीत.

यामुळे प्रत्येकाने जॉइन आपल्या समजुतीने लिहिला. खाते क्रमांक शाखेपुरताच एकमेव आहे, म्हणजे शाखा क्रमांक आणि खाते क्रमांक दोन्ही जुळवले तरच जोडी बरोबर लागते. चार अहवालांत नुसता खाते क्रमांक जुळवलेला सापडला. त्यातल्या दोन ठिकाणी दोन शाखांचे हप्ते एकमेकांत मिसळून ओळी दुप्पट होत होत्या, आणि त्या झाकायला वर डिस्टिंक्ट (सारख्या ओळी एकदाच दाखवणारा शब्द) लावला होता. डिस्टिंक्टने सारख्या ओळी गेल्या, पण रक्कम वेगळी असलेली परक्या शाखेची ओळ तशीच राहिली.

तातडीचा उपाय म्हणून डीबीव्हरमध्ये व्हर्च्युअल फॉरेन की जोडल्या. या डेटाबेसमध्ये जात नाहीत, फक्त एडिटरच्या माहितीत राहतात. शाखा आणि खाते असे दोन कॉलम मिळून की सांगितली. त्यानंतर ऑनपाशी पूर्ण अट, दोन्ही कॉलमसह, एडिटरच लिहून देऊ लागला. त्या मुलीने लगेच जुना अहवाल नव्याने लिहून पाहिला आणि डिस्टिंक्टची गरजच उरली नाही.

खरा उपाय डेटाबेसमध्ये की टाकण्याचा. त्याची नोंद वेगळी करतो.

१७ एप्रिल

कॉलमच्या नावांचा प्रश्न. जुन्या प्रणालीतली आठ अक्षरांची आखूड नावे तशीच आली आहेत. कॉमेंट ऑन कॉलम या आदेशाने प्रत्येक कॉलमला मराठीत टीप लिहायला घेतली: "थकीत व्याज, महिनाअखेरचे", "जामीनदाराचा सभासद क्रमांक", "मुदतपूर्व बंद केल्याची तारीख". या टिपा डेटाबेसमध्येच राहतात, म्हणून कोणत्याही एडिटरला त्या वाचता येतात, आणि पीएसक्यूएलमध्ये टेबलाचे सविस्तर वर्णन मागितले की तिथेही दिसतात.

टिपा कुणी लिहायच्या यावर चर्चा झाली. लेखा विभागातल्या ताईंना विचारून लिहायच्या असे ठरले, कारण आकड्याचा अर्थ त्यांना ठाऊक आहे. त्यांनी तीन कॉलमबद्दल सांगितलेला अर्थ आम्ही इतकी वर्षे धरलेल्या अर्थापेक्षा वेगळा निघाला.

२३ एप्रिल

आता फॉरमॅटिंग. एसक्यूएलफ्लफ घेतले. पायथनमध्ये लिहिलेले, मुक्त स्रोत, नियम मोडल्याचे दाखवणारे आणि बरेचसे स्वतः दुरुस्त करणारे साधन. पीजीफॉरमॅटर हे दुसरे साधनही पाहिले. ते वेगवान आणि सोपे आहे, पण आम्हाला फॉरमॅटिंगबरोबर नियमही हवे होते.

पहिली गोष्ट बोलीची, म्हणजे कोणत्या डेटाबेसचे एसक्यूएल आहे त्याची. सेटिंगच्या फाइलमध्ये पोस्टग्रेस अशी नोंद केल्याशिवाय पुढे जाऊच नये. दोन कोलन देऊन प्रकार बदलणे किंवा डिस्टिंक्ट ऑन ही पोस्टग्रेसची खास वळणे आहेत, प्रमाण एसक्यूएलमध्ये ती नाहीत. बोली चुकीची दिली की साधन त्या जागी अडते आणि हा भाग वाचता आला नाही असे सांगते. अशा फाइलला ते एरवी हातही लावत नाही, आणि हे वागणे मला फार आवडले. समजले नाही तर थांबणारे साधन पैशाच्या कामात चालते. अंदाजाने ओळी तोडणारे नको.

स्वल्पविराम ओळीच्या शेवटी ठेवायचे ठरले. सुरुवातीला ठेवण्याचा एक फायदा आहे: शेवटचा कॉलम तात्पुरता बंद करताना वरच्या ओळीला हात लावावा लागत नाही. पण टीममधल्या बहुतेकांचे डोळे शेवटच्या स्वल्पविरामाला सरावलेले आहेत. विषय संपला.

कीवर्ड मोठ्या लिपीत. एडिटर रंग देतोच, मग मोठी अक्षरे कशाला, असा मुद्दा एकाने मांडला आणि तो चुकीचा नाही. पण आमच्या क्वेरी लेखापरीक्षकांना काळ्या-पांढऱ्या छापील कागदावर द्याव्या लागतात. तिथे रंग नसतो. पीएसक्यूएलमध्येही टॅबने पूर्ण होणारे कीवर्ड मोठ्या अक्षरांत यावेत म्हणून सगळ्यांच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कॉम्प-कीवर्ड-केस हा व्हेरिएबल बसवला.

२९ एप्रिल

उभ्या रांगेत जुळवण्याचा प्रश्न. काही जणांना कीवर्ड उजवीकडे सरकवून मधे सरळ पांढरी पट्टी ठेवण्याची पद्धत आवडते. इंग्रजी क्वेरीत ती छान दिसते. आमच्या केसच्या (अटीनुसार मूल्य ठरवणाऱ्या) ओळींमध्ये 'नियमित', 'थकीत', 'दावा दाखल' अशी मराठी मूल्ये आहेत, आणि तिथे ती पद्धत टिकत नाही. समान रुंदीच्या फॉन्टमध्येही काना, वेलांटी, जोडाक्षर यांची रुंदी एका घरात एक अशी बसत नाही. फॉरमॅटर संकेतांक (अक्षरांचे संगणकातले क्रमांक) मोजून स्पेस भरतो, पडद्यावर ओळ भलतीकडेच जाते, आणि प्रत्येक एडिटरमध्ये वेगळीकडे.

ठरले ते असे: फक्त डावीकडून चार स्पेसची पायरी. ॲझच्या (कॉलमला नाव देणाऱ्या शब्दाच्या) आधी किंवा बरोबरच्या चिन्हापाशी जुळवाजुळव करायची नाही.

६ मे

मराठी मूल्यांवरूनच आणखी एक गोष्ट निघाली, आणि तिने दोन दिवस घेतले. मला वाटते मराठीत डेटा ठेवणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक असायला हवी.

कऱ्हाड शाखेच्या गावांची यादी मागितली तर काही सभासद गळत होते. व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी निवडण्याच्या अटीत, गावाचे नाव बरोबर, टेबलातही डोळ्यांना तेच नाव. व्हीएस कोडमध्ये अदृश्य अक्षरे ठळक करण्याची सोय आहे. टेबलातले नाव कॉपी करून तिथे चिकटवल्यावर नावाच्या मधोमध एक चौकट दिसली. तिथे शून्य रुंदीचा जोडक होता.

कारण असे. ऱ्ह, ऱ्य यांतला अर्धा र दोन रीतींनी टाइप होतो. एक रीत म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत. दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा जोडक. कीबोर्डागणिक रीत बदलते. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, डेटाबेसला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. पोस्टग्रेसच्या १३व्या आवृत्तीपासून एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणारे नॉर्मलाइझ फंक्शन मिळते, पण ते इथे पुरे पडत नाही. ऱ एकसंध लिहिला की र आणि नुक्ता मिळून लिहिला, हा फरक ते मिटवते. जोडक असलेल्या रीतीला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या नियमांनुसार ती रूपे समान धरलेली नाहीत.

शेवटी एक छोटे फंक्शन लिहिले. २३५२, २३८१, ८२०५ हे तीन संकेतांक याच क्रमाने आले की त्यांच्या जागी २३५३ आणि २३८१ ठेवायचे, मग नॉर्मलाइझ करायचे. संकेतांक मुद्दाम सीएचआर फंक्शनमधून आकड्यांनी लिहिले. क्वेरीत थेट अक्षरे लिहिली असती तर पुढच्या माणसाला दोन सारखी दिसणारी चिन्हे दिसली असती आणि एकाच्या जागी तेच का ठेवले आहे, हे कळलेच नसते.

अदृश्य अक्षरे दाखवण्याची सोय आता सगळ्यांच्या सेटिंगमध्ये चालू आहे, स्ट्रिंगमधल्या मजकुरासाठीसुद्धा.

१३ मे

चालू डेटाबेसवर काम करतानाच्या काळज्या.

डीबीव्हरमध्ये प्रत्येक कनेक्शनला प्रकार देता येतो. चालू डेटाबेसला प्रॉडक्शन हा प्रकार दिला: लाल रंग, आपोआप कमिट (बदल लगेच कायम होणे) बंद, बदल करणाऱ्या आदेशाआधी विचारणा. व्हेअर नसलेल्या डिलीट आणि अपडेटला तो एरवीही इशारा देतो.

त्याहून कमी लोकांना माहीत असलेले सेटिंग म्हणजे रिकामी ओळ हा आदेशाचा शेवट धरायचा की नाही. ते नेहमीसाठी चालू असेल तर वाचायला सोपे जावे म्हणून मधे सोडलेली एक रिकामी ओळ क्वेरीचे दोन तुकडे करते. सिलेक्टच्या बाबतीत फार तर एरर येते. डिलीट आणि व्हेअर यांच्या मधे रिकामी ओळ असेल तर मात्र कंट्रोल-एंटर दाबल्यावर वरचा तुकडा एकटाच चालू शकतो. आम्ही हे सेटिंग सगळीकडे बंद केले, आणि प्रत्येक आदेशाच्या शेवटी अर्धविराम सक्तीचा केला.

२० मे

फॉरमॅट केलेली क्वेरी जुन्या क्वेरीसारखीच आहे, हे नुसत्या विश्वासावर सोडायचे नव्हते. पहिला विचार एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या आदेशात) दिसणाऱ्या क्वेरीच्या ओळख क्रमांकाचा आला. १४व्या आवृत्तीपासून तो पाहता येतो आणि स्पेस किंवा नवी ओळ यांनी बदलत नाही. पण तो स्थिर मूल्ये धरतच नाही. व्हेअरमधला ९० चुकून ९ झाला तरी क्रमांक तोच राहतो. आमच्या कामाला उपयोग नाही.

मग सोपी वाट सापडली. जुन्या क्वेरीवर एक तात्पुरता व्ह्यू (डेटाबेसमध्ये नावाने ठेवलेली क्वेरी), नव्या क्वेरीवर दुसरा. पोस्टग्रेस व्ह्यूचा मजकूर साठवत नाही, त्याची पृथक्करण केलेली रचना साठवतो. पीजी-गेट-व्ह्यूडेफ या फंक्शनने दोन्हींची व्याख्या परत मागितली की तो आपल्याच पद्धतीने लिहून देतो, स्थिर मूल्यांसकट. दोन्ही मजकूर अक्षरशः जुळले तर क्वेरी तीच. ज्या अहवालांना बाहेरून तारीख द्यावी लागते तिथे तपासणीपुरती एक ठरावीक तारीख भरली. सगळ्या फाइली अशा तपासूनच पुढे घेत आहोत.

याच गुणाची दुसरी बाजूही टीमला सांगून ठेवली. व्ह्यू डेटाबेसमधून परत काढला तर आपण लिहिलेल्या टिपा आणि ओळींची मांडणी गेलेली असते. डेटाबेसमधून उघडून दुरुस्त करून परत तिथेच ठेवणे बंद. खरी प्रत गिटमधली, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातली.

२७ मे

फॉरमॅटिंगमुळे दिसलेली गोष्ट. थकबाकीच्या अहवालात कर्जखात्याला जामीनदाराचे टेबल लेफ्ट जॉइनने जोडले आहे, म्हणजे जामीनदार नसला तरी कर्ज दिसावे. एका ओळीच्या क्वेरीत पुढचे कुणी वाचलेच नव्हते. ओळी मोकळ्या झाल्यावर व्हेअरमध्ये जामीनदाराची स्थिती 'चालू' असावी ही अट स्वतंत्र ओळीवर आली. जामीनदार नसेल तर तो कॉलम नल (रिकामा) असतो, अट खरी ठरत नाही, आणि कर्ज गळते. सोनेतारण कर्जाला जामीनदार नसतोच. म्हणजे थकलेली सोनेतारण खाती या अहवालात कधी येतच नव्हती. अट ऑनमध्ये हलवली. लेखा विभागाला लेखी कळवून, त्यांनी आकडे पाहिल्यावरच बदल लागू केला. फॉरमॅटिंगचा कमिट (गिटमध्ये नोंदलेला बदल) आणि अर्थ बदलणारा कमिट कधीही एकत्र करायचा नाही, हा नियम इथेच पक्का झाला.

फॉरमॅटर न सांगणारी गोष्टही नोंदवतो. अँड आणि ऑर कंस न देता एकत्र लिहिले असतील तर अँड आधी बांधला जातो. फॉरमॅटर दोघांना एकाच पायरीवर, एकाखाली एक ठेवतो, आणि त्या नीटनेटक्या मांडणीत ते समान वजनाचे वाटतात. कंस तो स्वतःहून घालत नाही. म्हणून ऑर आला की कंस हवाच, हे तपासणाऱ्या माणसाने पाहायचे.

५ जून

सगळ्या फाइलींच्या फॉरमॅटिंगचा एक मोठा कमिट झाला. यानंतर गिट ब्लेम (प्रत्येक ओळ शेवटी कुणी, कधी बदलली ते दाखवणारा आदेश) लावले तर प्रत्येक ओळीवर याच कमिटचे नाव येणार, आणि व्याजाचा नियम कुणी, कधी, का बदलला हा माग बुजणार. गिटच्या २०१९च्या २.२३ आवृत्तीपासून ठरावीक कमिट वगळून ब्लेम पाहता येतो. त्या कमिटचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ती रेपॉझिटरीत ठेवली आणि प्रत्येकाच्या गिटला ती फाइल पाहायला सांगितले. जुनी नावे आणि तारखा परत दिसू लागल्या.

प्रोग्रॅमच्या स्ट्रिंगमध्ये जाणाऱ्या क्वेरींसाठी एक वेगळा नियम: दोन आडव्या रेघांची टीप तिथे चालणार नाही. नवी ओळ कुठे हरवली तर टीपेनंतरचा सगळा भाग टीपच होऊन बसतो. तिथे तिरकी रेघ आणि तारा वापरायचा.

१२ जून

फॉरेन कींचे काम सुरू. चालू टेबलावर की थेट टाकली तर जुन्या सगळ्या ओळी तपासल्या जातात आणि तोवर लिहिणे अडते. म्हणून आधी नॉट व्हॅलिड म्हणून टाकल्या. नव्या ओळींना नियम लगेच लागू होतो, जुन्या नंतर व्हॅलिडेट करून तपासायच्या, आणि त्या वेळी रोजचे व्यवहार थांबत नाहीत.

कर्जखाते ते सभासद ही की व्हॅलिडेट झाली. हप्ते ते कर्जखाते या कीला जुन्या डेटातल्या अनाथ ओळी आडव्या आल्या. बंद झालेल्या एका शाखेचे हप्ते आहेत, ज्यांची खाती दुसऱ्या शाखेत वर्ग झाली पण हप्त्यांवरचा शाखा क्रमांक जुनाच राहिला. यादी ताईंकडे दिली आहे. कोणता हप्ता कोणत्या खात्याचा हे त्या जुन्या रजिस्टरवरून ठरवतील. त्यांचा निर्णय आल्याशिवाय एकही ओळ बदलायची नाही.

ज्या की डेटाबेसमध्ये आल्या त्यांच्या व्हर्च्युअल प्रती डीबीव्हरमधून काढून टाकल्या. जॉइन आता प्रत्येकाच्या एडिटरमध्ये वेगळे काही न सांगता सुचवला जातो. जामीनदार आणि ठेवी यांच्या की जुलैच्या तिमाही अहवालांनंतर घ्यायच्या.